सपाट जागा: सैन्यात निघालेल्या फादरसाठी वेदीची पेटी करताना

सैन्यातल्या कॅथलिक फादरसाठी मिस्साची, म्हणजे वेदीवरच्या उपासनेची, पेटी करायची म्हटलं की पहिली अडचण लाकडाची नसते, झाकणाची असते. पेटीचं झाकण हीच वेदी धरली, तर वेदीवर मांडायचं सामान काढायचं कुठून? सामान पेटीत, पेटी झाकणाखाली, आणि झाकणावर एकदा पांढरं कापड अंथरून क्रूस उभा केला की झाकण उघडायची सोय राहत नाही. मग सगळं आधी बाहेर काढून ठेवायचं. पण कुठे? घरात टेबल असतं, पलंग असतो. ट्रकच्या मागे वाळूत उभं राहून मिस्सा करणाऱ्या माणसाने चषक काय जमिनीवर ठेवायचा? हे कोडं सुटेपर्यंत मी एकाही फळीला करवत लावली नाही.

मी मूळचा वसईचा, नंदाखालच्या बाजूचा. बरीच वर्षं अमेरिकेत कॅन्सस राज्यात विचिटाला राहतो. हे विमानं बनवणाऱ्यांचं गाव. छोट्या खासगी विमानांच्या आतली कपाटं, टेबलं, पार्टिशनं यांचं डिझाइन करणं ही माझी नोकरी, आणि संध्याकाळी गॅरेजमध्ये लाकूड तासणं हा नाद. आमच्या पॅरिशमधले, म्हणजे इथल्या चर्चमधले, एक तरुण फादर सैन्यात चॅप्लेन (सैनिकांचे धर्मगुरू) म्हणून निघाले, तेव्हा त्यांनी मला गाठलं. "तुम्ही विमानात बसणारी कपाटं करता ना? मग मला एका हातात मावणारी वेदी करून द्या."

तिथली रचना थोडी सांगायला हवी. अमेरिकी सैन्यदलांसाठी कॅथलिकांचा एक वेगळा महाधर्मप्रांत आहे. 1985 साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याला आजचं रूप दिलं. त्याला स्वतःची भौगोलिक हद्द नाही, जिथे अमेरिकी शिपाई तिथे तो. त्यातले फादर मात्र आपापल्या मूळ धर्मप्रांताचे किंवा संघाचेच राहतात. त्यांचे बिशप त्यांना काही वर्षांसाठी जणू उसने देतात. चॅप्लेन अधिकारी असतो, पण शस्त्र बाळगत नाही. सोबतचा मदतनीस शिपाई बंदूक घेऊन असतो. आपल्याकडे भारतीय सैन्यातही पंडित, ग्रंथी, मौलवी यांच्याबरोबर पाद्री असतात, पण ते 'धर्मगुरू' म्हणून जेसीओच्या, म्हणजे जवान आणि अधिकारी यांच्या मधल्या, दर्जाने भरती होतात. हे फादरना सांगितलं तर त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं की भारतातले पाद्री सामान कशात नेतात. मला सांगता आलं नाही.

सैन्य आपल्या चॅप्लेनला किट देतं. कापडी, मजबूत, खिसेच खिसे असलेली बॅग. मग लाकडी पेटीचा सोस कशाला, हे मी सरळ विचारलं. फादर आधी काही महिने प्रशिक्षणाला जाऊन आले होते. ते म्हणाले, "टेबलासारखं काहीतरी सगळीकडे मिळतं. दारूगोळ्याची खोकी, खाण्याची खोकी, गाडीचं बॉनेट. सपाट मात्र काहीच मिळत नाही."

या एका वाक्यावर पुढचं सगळं काम उभं राहिलं. त्यांना सामान नेणारी पेटी नकोच होती. कुठल्याही वाकड्यातिकड्या जागेवर ठेवली की समतल होणारी वेदी हवी होती. सामान आत मावलं तर उत्तम.

बॉनेटचा विषय विचिटात निघाला की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर एकच फोटो येतो. फादर एमिल कपौन, कोरिया, 7 ऑक्टोबर 1950. जीपचं बॉनेट, त्यावर पांढरं कापड, समोर मिस्सा करत असलेला हडकुळा फादर. ते इथून उत्तरेला असलेल्या पिल्सेन नावाच्या चेक शेतकऱ्यांच्या खेड्यातले, जन्म 1916 चा. फोटोनंतर महिनाही झाला नाही तोच, नोव्हेंबरच्या सुरुवातीला ऊनसानच्या लढाईत ते चिन्यांच्या हाती सापडले. जखमींना सोडून जायला त्यांनी नकार दिला होता. मे 1951 मध्ये युद्धकैद्यांच्या छावणीत त्यांचा मृत्यू झाला. 2013 साली त्यांना मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर, हा अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान, मिळालं, 2021 मध्ये त्यांचे अवशेष ओळखले गेले आणि आता ते आमच्याच कॅथीड्रलमध्ये विसावले आहेत. कोरियाच्या आधी, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, ते भारत-ब्रह्मदेश आघाडीवरही होते. आमचे फादर ज्या धर्मप्रांतातून निघाले, तिथे हा फोटो म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्याची तसबीर. साहजिकच मी तो सुताराच्या नजरेने पाहत बसलो. बॉनेट उतरतं असतं. त्यावर भरलेला चषक ठेवून, वारा सुटलेला असताना, हात न कापता मिस्सा करायची!

पुढचा टप्पा नियमांचा. कारागिराने नियम आधी वाचावेत असं माझं मत आहे. फादर मंडळी घाईत "चालेल, चालेल" म्हणतात. चर्चच्या कायद्यात वेदी दोन तऱ्हेची, स्थिर आणि हलवता येणारी. स्थिर वेदीचा वरचा भाग दगडाचा आणि एकसंध असावा, ही परंपरा. हलवता येणारी मात्र कोणत्याही टणक, उपासनेला शोभेल अशा पदार्थाची चालते. म्हणजे लाकडाला पूर्ण मुभा. पवित्र वास्तूच्या बाहेर, गरज असेल तेव्हा, साधं योग्य टेबलही चालतं, पण त्यावर कापड, चषकाखालचं चौकोनी कॉर्पोरल, क्रूस आणि मेणबत्त्या हव्यातच. चषक मौल्यवान धातूचा, आणि धातू सोन्याहून कमी प्रतीचा असेल तर आतून सोन्याचा मुलामा.

फादरना तरीही दगड हवा होता. जुन्या काळी फिरत्या फादरजवळ वेदीशिळा असे. बिशपने अभिषेक केलेली छोटी पाटी, वर पाच क्रूस कोरलेले, पोटात संतांचे अवशेष. इंग्लंडात डरॅमला संत कथबर्ट यांची फिरती वेदी आहे, सातव्या शतकातली. ती तर मुळात ओक लाकडाची, वरून चांदीचा पत्रा मढवलेली आणि तळहाताएवढी. तिचा फोटो पाहून मला धीर आला. हल्लीच्या विधीनुसार हलत्या वेदीत अवशेष ठेवायचे नसतात, तेव्हा दगड घातला तरी तो नुसता दगडच राहणार. मी हिशेब मांडला: कॅन्ससचा चुनखडीचा दगड, पंधरा सेंटिमीटर लांब-रुंद, बारा मिलिमीटर जाड, म्हणजे साधारण सहाशे ग्रॅम. आमच्या धंद्यात सहाशे ग्रॅमसाठी बैठका होतात. शिवाय चुनखडी मऊ, आपटली की कोपरा उडणार. फादरनी कागदावरचा आकडा पाहिला, हातात पाण्याची बाटली तोलून पाहिली आणि दगडाचं नाव सोडलं. पाच क्रूस मात्र लाकडात कोरायचे ठरलं.

झाकणाचं कोडं शेवटी झाकणच काढून टाकल्यावर सुटलं. वरची फळी कायमची पक्की. सामान कडेने निघेल, फादर उभे राहतात त्या बाजूने, दोन खणांतून. म्हणजे दिसायला पेटी, पण खरं तर ठेंगणं दोन खणांचं कपाट. खणांच्या समोर वरून खाली सरकणारी एक फळी, शाळेतल्या जुन्या लाकडी पेन्सिलपेटीला असायची तशी. ती ओढून काढली की खण मोकळे, आणि तीच फळी वरच्या खाचेत तिरकी बसवली की मिस्साग्रंथ ठेवायची घोडी. हे सुचलं तेव्हा मी गॅरेजमध्ये एकटाच होतो, नाहीतर नाचलो असतो.

वरचा खण उथळ, खालचा खोल. कोणती वस्तू कुठे, हे मी ठरवलं नाही. फादरना जेवणाच्या टेबलापाशी उभं करून खोटी मिस्सा मांडायला लावली आणि हाताकडे बघत राहिलो. कापड पहिलं, मग क्रूस, मेणबत्त्या, ग्रंथ. चषक, तबकडी, ओस्त्यांची (मिस्सातल्या भाकरीच्या चकत्यांची) डबी, द्राक्षारस आणि पाण्याच्या कुप्या नंतर. आवरताना बरोबर उलटं. म्हणून वरच्या खणात कापडं सगळ्यांच्या वर, आणि खालच्या खणात चषक उजव्या हाताला. त्यांनी एक अट घातली: हातमोजे घालून, दिवा न लावता सापडलं पाहिजे. आघाडीवर रात्री उजेड करायची बंदी असू शकते. तेव्हा प्रत्येक वस्तूला तिच्याच आकाराचा कप्पा, आणि दोन कप्प्यांचा आकार सारखा असायचा नाही.

लाकूड काळं अक्रोड घेतलं. ते इथलंच झाड, नदीकाठाने कॅन्ससभर वाढतं. जवळच्या एका सॉ मिलवाल्याकडे उघड्यावर वाळवलेल्या फळ्या होत्या. ताजी तासलेली फळी जांभळट चॉकलेटी दिसते, पुढे उन्हाने जरा फिकी पडते. वजन सागवानाच्या आसपास, रंध्याला मात्र सागापेक्षा किती तरी दयाळू. सागातल्या वाळूने पटाशीची धार जाते, हे वसईत ज्याने घराचं दार तासलंय त्याला ठाऊक आहे.

लाकूड श्वास घेतं म्हणतात, ते मिलिमीटरमध्ये मोजून ठेवलेलं बरं. पस्तीस सेंटिमीटर रुंदीची अक्रोडाची फळी, दमट उन्हाळ्यातून कोरड्या वाळवंटात गेली आणि तिच्यातला ओलावा पाच टक्क्यांनी उतरला, तर कापाच्या दिशेप्रमाणे तीन ते पाच मिलिमीटर आकसते. चारही बाजूंनी डिंकाने जखडली असेल तर चिरते किंवा वाकते. आणि वाकलेली वेदी म्हणजे पुन्हा बॉनेटच. म्हणून वरची फळी चौकटीत मोकळी ठेवली, फक्त मध्यभागी डिंकाचा एक ठिपका. कडेने बारीक फट दिसते. वर कापड असतंच.

कोपरे डोव्हटेलचे, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारख्या दातांनी एकमेकांत अडकणारे, हाताने कापलेले. मशीनने झाले असते, आणि मजबुतीत फारसा फरकही पडला नसता. हाताने कापल्याचं समर्थन माझ्या आवडीपलीकडे देता येणार नाही. नऊ मिलिमीटरच्या फळीवर चाकूने रेघ ओढायची, पेन्सिलने नाही, कारण पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते. करवत रेघेच्या बाहेर ठेवायची, इतकी की रेघ अर्धी उरली पाहिजे. मग पटाशीने दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत यायचं. एकाच बाजूने ठोकत गेलात तर पलीकडचे तंतू फुटून निघतात. सांधा जोडताना आवाज ऐकायचा. सैल सांधा टकटक वाजतो, बसत आलेल्या सांध्याचा आवाज जाड होत जातो.

पायांनी मात्र डोकं खाल्लं. चार पाय, पितळी स्क्रूवर वरखाली होणारे, टोकाला रबर, वॉशिंग मशीनच्या पायांच्याच तत्त्वावर. पुढचे दोन जास्त लांब, बॉनेटच्या उतारासाठी. वरच्या फळीच्या कडेत बोटाएवढी पाणसळ (समतल दाखवणारी नळी) बसवली. धर्मकार्याच्या वस्तूत सुताराचं हत्यार कसं दिसेल, अशी मला शंका होती. फादर म्हणाले, "संत जोसेफला चालेल. तेही सुतारच." पितळ सगळं काळवंडून घेतलं, कारण बाहेरून काहीही चमकायला नको ही त्यांची दुसरी अट. तिसरी, आवाज नको. खणांच्या तळाला त्यासाठी मेण घासलं.

आतल्या अस्तराबद्दल लोक फार निष्काळजी असतात. बाजारातल्या पेट्यांत स्पंज असतो. काही वर्षांत त्याचा चिकट भुगा होतो आणि मुलाम्याला चिकटतो. लोकरीचं फेल्ट दिसायला सुरेख, पण लोकरीत गंधक असतं आणि गंधकाने चांदी काळी पडते. चषक बाहेरून चांदीचा. म्हणून सुती मखमल, आणि चषकाच्या कप्प्याला चांदीच्या भांड्यांसाठी मिळतं ते खास कापड.

पॉलिशच्या बाबतीत माझं मन लाखेकडे ओढत होतं. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने चढवलेलं पॉलिश अक्रोडावर जे खुलतं त्याला तोड नाही, आणि लाख आपल्या देशाची. पण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सांडलेल्या द्राक्षारसाचं एक वेळ चाललं असतं, हल्ली चॅप्लेनपासून शिपायापर्यंत सगळे हाताला सॅनिटायझर चोळतात त्याचं काय? ओल्या बोटांचे ठसे कायमचे उमटले असते. मेणमिश्रित तेलाचे पातळ हात दिले. कमी देखणं, पण ओरखडा आला तर फादर स्वतः फडक्याने दुरुस्त करू शकतील.

मेणबत्त्यांचा प्रश्न विनोदी वाटेल, पण खरा आहे. मधमाश्यांचं मेण साधारण बासष्ट-चौसष्ट अंश सेल्सियसला वितळतं, त्याच्या बरंच आधी मऊ पडून कलतं. उन्हात बंद उभ्या गाडीत तेवढी उष्णता होऊ शकते. तेलाचे दिवे विमानात नेऊ देत नाहीत. विजेची मेणबत्ती विधीत चालत नाही. शेवटी घट्ट झाकणाच्या पितळी डब्यांत मेण ओतलं, मध्ये वात. वितळलं तरी डब्यातच राहतं आणि रात्री पुन्हा थिजतं.

क्रूसावरची मूर्ती मी कोरली नाही. छोटी, कांस्याची विकत घेतली. मानवी देह कोरणं माझं काम नव्हे. याच संदर्भात फादर मला इथल्या कपौन माउंट कार्मेल शाळेत घेऊन गेले. तिथे एक लाकडी क्रूस आहे. तो कोरला जेराल्ड फिंक या ज्यू वैमानिकाने. कपौन गेल्यानंतर तो त्याच छावणीत आला, त्यांना कधी भेटलाही नव्हता. इतर कैद्यांकडून जे ऐकलं त्यावर त्याने सरपणाच्या लाकडातून, स्वतः बनवलेल्या हत्यारांनी ख्रिस्त कोरला. काट्यांचा मुकुट तारेचा. 1953 मध्ये सुटका झाली तेव्हा कैद्यांनी तो बरोबर आणला. माझ्या गॅरेजात जपानी करवती आहेत, जर्मन पटाश्या आहेत, धार लावायला चार प्रकारचे दगड आहेत. मी त्या क्रूसाच्या बोटांकडे बराच वेळ पाहिलं. परतताना फादरशी पायांच्या रबराबद्दल बोलत होतो, कारण दुसरं काही बोलायला सुचत नव्हतं.

पेटी जुळल्यावर ती आपटली. आमच्या व्यवसायात न आपटता काही बाहेर जात नाही. सामानाऐवजी तेवढ्याच वजनाच्या तांदळाच्या पिशव्या खणांत भरल्या आणि कमरेच्या उंचीवरून कोपऱ्यावर सोडली. बायको म्हणाली, "वेदी आहे ना ती?" मी म्हटलं, अजून आशीर्वाद झालेला नाही. सांधे ढिम्म राहिले. सरकती फळी मात्र उसळून वर आली, म्हणून तिला लाकडी खिटी आणि सगळ्या पेटीभोवती चामड्याचा पट्टा दिला. रिकामी पेटी पाच किलोच्या आत बसली, भरून आठ. विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावते.

पाच क्रूस शेवटी कोरले, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, ख्रिस्ताच्या पाच जखमांचे. व्ही-आकाराच्या पटाशीने, उथळ, म्हणजे कापडातून बोटाला लागतील पण चषक डुगडुगणार नाही. स्थिर वेदीचं समर्पण होतं. हलत्या वेदीला नुसता आशीर्वादही पुरतो. तो एका रविवारी पॅरिशमध्येच झाला. वसईहून आलेले माझे वडील पहिल्या बाकावर होते. त्यांनी नंतर पेटी उलटी करून तळ पाहिला आणि विचारलं, "स्क्रू किती रे घातलेस?" पायांचे सोडले तर एकही नाही, हे ऐकून ते कॉफी प्यायला गेले.

फादर पेटी वापरतात, आणि सगळीकडे वापरत नाहीत. हेलिकॉप्टरने जायचं असेल, पाठीवर ओझं असेल, तर सैन्याची कापडी बॅगच बरी, असं त्यांनी मोकळेपणाने कळवलं. मलाही ते पटतं. गाडी जिथवर जाते तिथवर लाकडी पेटी जाते. बारीक धूळ खणांच्या खाचेत बसून खण अडकतो, तेव्हा पुढच्या वेळी खाच मोठी हवी आणि तळाशी धूळ गळायला भोक हवं. पाणसळ सगळ्यात जास्त आवडली, फक्त ती डाव्या हाताला हवी, उजवीकडे तिच्यावर ग्रंथाची सावली पडते. चामड्याची मूठ घामाने कडक झाली. ती आता विणलेल्या पट्ट्याची केली आहे.

ही पेटी पाहून नौदलातल्या एका फादरचं विचारणं आलं आहे. त्यांची जागा सपाट आहे, पण हलते. त्यांना वरच्या फळीला काढता-घालता येणारा बोटभर उंचीचा कठडा हवाय, खारट हवेत टिकतील असे स्क्रू हवेत, आणि क्रूस वीतभरच उंच, कारण डोक्यावर पाइप आहेत. कठड्यावरून कापड खाली कसं सोडायचं, याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. सध्या पुठ्ठ्याचे नमुने कापतोय.